प्याल्यातली संस्कृती आणि टोपलीतले मोहफूल

एका स्नेह्यांकडील लग्नाच्या निमित्ताने पुण्यास जाणे झाले. त्यांचे चिरंजीव अमेरिकेतील ओरेगॉन राज्यात नोकरीस असतात. तिकडच्या एका छोट्या वाइनरीतून त्यांनी 'पिनो न्वार' या द्राक्षाच्या कोवळ्या लाल वाइनच्या दोन बाटल्या आणल्या होत्या. जेवणापूर्वी त्या उघडण्याचा सोहळा झाला. प्याल्यात दोन बोटे वाइन ओतायची, प्याला तिरका धरून रंग पाहायचा, गोल फिरवायचा, नाक आत घालून वास घ्यायचा, घोट तोंडात घोळवायचा आणि मग स्वाद चेरीचा की रासबेरीचा यावर खल करायचा! अशा कितीतरी बाटल्या त्यांनी घरी जमविल्या आहेत. कुठली यंदाच प्यायची आणि कुठली पाच वर्षे मुरू द्यायची, याची वहीसुद्धा आहे. मी नकार देताच ते समजुतीच्या सुरात म्हणाले, "काका, ही दारू नव्हे. ही संस्कृती आहे."

मी चामोर्शीचा. वैनगंगेच्या काठी मार्कंडेश्वराच्या सावलीत वाढलेला. ज्या जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे, त्या गडचिरोलीतून आलेल्या माणसाला हे वाक्य ऐकून हसावे की संतापावे, हे कळेना.

त्या तरुणाचा अभ्यास खोटा नव्हता, हे प्रथमच मान्य करतो. पिनो न्वार हे पातळ सालीचे, लवकर पिकणारे, थंड हवेत रमणारे नाजूक द्राक्ष. त्याचे माहेर फ्रान्सचा बर्गंडी प्रांत. तेथील ड्यूक फिलिप याने १३९५ मध्ये 'गामे' जातीच्या वेली उपटण्याचे फर्मान काढले, ते याच द्राक्षाची प्रतिष्ठा राखण्यासाठी. आपल्या मातीत काय पिकते, त्याचा सहाशे वर्षे अभिमान बाळगणाऱ्या समाजाबद्दल आदरच वाटतो. प्रश्न फ्रेंचांचा नाही. आपल्या मातीतल्या फुलाला हीन मानून दुसऱ्याच्या मातीतल्या घोटाला संस्कृती म्हणणाऱ्या आपल्या मनोवृत्तीचा आहे.

'वाइन म्हणजे दारू नव्हे' हा युक्तिवाद एकदा तपासून पाहू. वाइनमध्ये साधारण बारा ते चौदा टक्के अल्कोहोल असते. दीडशे मिलिलिटरच्या एका प्याल्यातून पोटात जाणारे अल्कोहोल बिअरच्या लहान बाटलीतल्या अल्कोहोलपेक्षा कमी नसते. यकृताला प्याल्याचा आकार कळत नाही, बाटलीवरचे फ्रेंच नावही वाचता येत नाही. अल्कोहोलची कोणतीही मात्रा आरोग्यास निर्धोक म्हणता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्टपणे सांगितले. काही विद्वान येथे आयुर्वेदाचा आधार शोधतात. चरकसंहितेत मद्याचे गुण वर्णिले आहेत, हे खरे. पण त्याच ग्रंथाच्या चिकित्सास्थानात मदात्ययावर स्वतंत्र अध्याय आहे, हे सांगायला ही मंडळी सोयीस्करपणे विसरतात.

आता शासनाचा व्यवहार पाहा. २००१ मध्ये महाराष्ट्र शासनाने द्राक्षप्रक्रिया उद्योगाचे धोरण आखले. नाशिकजवळ विंचूर आणि सांगली जिल्ह्यात पलूस येथे वाइन पार्क उभारण्याचे ठरले. उत्पादन शुल्कात सवलती आल्या. नंतर मूल्यवर्धित करातील मोठा हिस्सा उद्योगाला परत देण्याची योजनाही आली. सरकारे आली नि गेली, पण वाइनचे लाड करण्यात कुणी मागे राहिले नाही. २७ जानेवारी २०२२ रोजी तत्कालीन मंत्रिमंडळाने तर मोठ्या किराणा दुकानांतूनही वाइन विकण्यास मान्यता दिली. राज्यभर विरोध झाला. पण त्या निर्णयातील एक अट फार बोलकी होती. दारूबंदी असलेल्या जिल्ह्यांत ही विक्री होणार नव्हती. शाळा आणि देवळांजवळही नाही. वाइन जर दारू नव्हे, तर ही अट कशासाठी? शाळेजवळ गुळाची ढेप विकायला कुणी मज्जाव करते काय? शासनाने स्वतःच्याच लेखणीने स्वतःचा युक्तिवाद खोडून काढला होता!

हे सारे शेतकऱ्याच्या हितासाठी, असे सांगण्यात येते. शेतकऱ्याचे नाव पुढे केले की कुठलाही माल खपतो, हा आपल्याकडचा जुना अनुभव. २००८ नंतरच्या मंदीत वाइनचा साठा पडून राहिला, छोट्या वाइनरी अडचणीत आल्या आणि वाइनची द्राक्षे लावलेल्या कित्येक शेतकऱ्यांवर वेली उपटून टाकण्याची पाळी आली. प्याला फिरवणाऱ्यांपैकी कोण तेव्हा त्यांच्या बांधावर गेला? उलट त्याच महाराष्ट्रात सांगलीच्या बेदाण्याने भौगोलिक मानांकन मिळविले आणि नाशिकचे खाण्याचे द्राक्ष सातासमुद्रापार गेले. द्राक्ष आंबविल्याशिवाय शेतकरी जगत नाही, हे म्हणणे खोटे आहे.

आता आमच्याकडे या. फाल्गुन-चैत्रात चामोर्शी, घोट, धानोऱ्याकडच्या रानात पहाटे जाऊन पाहावे. रात्रभर गळलेली मोहाची फुले झाडाखाली पसरलेली असतात. उजाडण्याआधीच बायाबापड्या, लेकरे टोपल्या घेऊन निघतात आणि वाकून एकेक फूल वेचतात. ही फुले वाळवून ठेवली की टंचाईच्या दिवसांत पोटाला आधार होतो. बियांचे तेल निघते. वनवासी बांधवांच्या देवकार्यात मोहाला मान आहे. संस्कृतात यालाच मधूक म्हणतात. संकलन, साठवण, वास, चव यांचे ज्ञान पुण्याच्या दिवाणखान्यातच असते असे नाही. कोणत्या झाडाचे फूल अधिक गोड, कोणते आधी गळते, हे येथील आजीबाई झाडाकडे बघून सांगते. तिची वही नसते, इतकेच.

या फुलाच्या वाट्याला काय आले? १८९२ मध्ये इंग्रजांनी मुंबई इलाख्यात मोहफुलांवर निर्बंध घालणारा खास कायदा केला. लोकांच्या आरोग्याची काळजी हे त्यामागचे कारण नव्हते. घरोघरची भट्टी बंद पडावी आणि सरकारी परवान्याच्या दारूचा महसूल वाढावा, हा त्यातला हिशेब होता. इंग्रज गेले, पण ती दृष्टी राहिली. १९४९ च्या दारूबंदी कायद्यातही मोहफूल बंधनात राहिले. २०२१ मध्ये राज्याने हे निर्बंध सैल केले. म्हणजे द्राक्षाच्या वाइनला २००१ मध्ये गालिचा अंथरला गेला आणि मोहाच्या नुसत्या फुलाला मोकळा श्वास घ्यायला आणखी वीस वर्षे लागली!

येथे कुणी म्हणेल, मग मोहाच्या दारूलाही प्रतिष्ठा द्या. मध्य प्रदेशाने २०२२ मध्ये 'वारसा मद्य' म्हणून ती वाट धरलीच आहे. माझे उत्तर स्पष्ट आहे : नको! गडचिरोलीची दारूबंदी कुण्या मंत्र्याच्या लहरीतून आलेली नाही. १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून गावोगावच्या स्त्रिया उठल्या, ग्रामसभांनी ठराव केले, डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्यासारख्यांनी त्या आंदोलनास बळ दिले, तेव्हा ती आली. नवऱ्याच्या हातून पोरांचा घास भट्टीवर जाताना पाहिलेल्या बायांचा तो विजय आहे. शेजारच्या चंद्रपुरात २०१५ मध्ये आलेली बंदी २०२१ मध्ये उठविण्यात आली. अवैध दारू वाढली, असे कारण सांगितले गेले. चोऱ्या थांबत नाहीत म्हणून चोरीचा कायदा रद्द करावयाचा, असाच हा न्याय झाला. आता उद्योग येताहेत, कोनसरीला पोलाद प्रकल्प उभा राहिला आहे. उद्या पाहुण्यांसाठी 'फक्त वाइन' चालू द्या, अशी लाडिक मागणी पुढे आली, तर नवल वाटू नये. बंदीच्या भिंतीला पहिले भोक नेहमी 'सभ्य' हातांनीच पाडले जाते.

म्हणून मागणी एकच आहे, एका मापाची. प्याला काचेचा असो वा पानाचा द्रोण असो, दारूला दारू म्हणा. करदात्याच्या पैशातून वाइनला मिळणाऱ्या सवलती बंद करा. राज्यघटनेच्या ४७ व्या कलमात मादक पेयांना आळा घालण्याचे मार्गदर्शक तत्त्व आहे, त्याची आठवण ठेवा. आणि तोच पैसा ग्रामसभांच्या हाती द्या : मोहफुले स्वच्छ वेचण्यासाठी जाळ्या, वाळविण्यासाठी ओटे, साठवणुकीस गोदामे, लाडू-सरबत-मनुक्यांसारख्या खाद्यपदार्थांस बाजार. मेंढा-लेखाने बांबूवर आपला हक्क मिळवून दाखविला, तसे मोहाचेही होऊ शकेल.

त्या रात्री पुण्यात बाटली रिकामी झाल्यावर यजमानांचे चिरंजीव म्हणाले होते, "काका, तुम्ही एक घोट तरी चाखायला हवा होता." आज त्यांना निमंत्रण देतो. चैत्रात चामोर्शीला या. पहाटे एका माउलीबरोबर तासभर वाकून मोहाची फुले वेचा आणि ताजे फूल जिभेवर ठेवा. त्यानंतर संस्कृती कशाला म्हणायचे, याचा निवाडा तुम्हीच करा.