वॉर्डातले धाकटे गुरू

राजगडाच्या पायथ्याशी, पालीसारख्या गावात, भातलावणीच्या दिवसांत सर्पदंश झाला की गाठ पडते ती बहुधा सरकारी दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरशी. त्याचा हात आधीच बसलेला हवा.

तो बसवतात वॉर्डातले निवासी डॉक्टर. उदाहरणार्थ, सर्पदंशानंतर रक्त गोठतंय का ते पाहायचं, तर दोन मिलिलिटर रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत घ्यायचं, २० मिनिटं धक्काही लावायचा नाही, मग नळी तिरकी करायची. रक्त पातळच राहिलं, तर विषबाधा धरून चालायचं. प्लॅस्टिकची नळी चालत नाही, साबणाने धुतलेली काचेचीही दगा देते. अशा खाचाखोचा कालपर्यंत स्वतः इंटर्न असलेलाच नेमक्या सांगतो.

तरुण डॉक्टरचा बसलेला हात काय करू शकतो, ते घाटापलीकडे दिसलं: महाडजवळच्या बिरवाडीत डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशाच्या रुग्णांच्या उशाशी बसून केलेली निरीक्षणं १९८२ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आली. तेही तेव्हा तरुण वैद्यकीय अधिकारीच होते.

निवासी डॉक्टरांनी, म्हणजे पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी, धाकट्यांना शिकवावं, असं नियमच सांगतो. पण रात्रपाळी उरकून आलेल्याने ते वेळात वेळ काढून करायचं, हा अन्याय आहे. शिकवण्याचे हे तास ड्यूटीतच धरले गेले पाहिजेत, आणि हे शिकवणं इंटर्नशिप सुरू होण्याआधीच व्हायला हवं.