ऑपरेशन बाईनेच का करायचे?

‘दोन लेकरे झाली, आता ऑपरेशन’ हे जळगाव-धुळ्याच्या खेड्यांत आता कुणाला समजावून सांगावे लागत नाही. पण कुटुंब नियोजन म्हणजे बाईची शस्त्रक्रिया, एवढाच अर्थ रुजला आहे. 2019-21च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार राज्यातील सुमारे 49 टक्के विवाहित महिलांची नसबंदी झाली होती. पुरुष नसबंदी अर्धा टक्काही नव्हती. वास्तविक बिनटाक्याची पुरुष नसबंदी अधिक सोपी आणि कमी जोखमीची. तिने अशक्तपणा येतो, शेतीकाम झेपत नाही, हा गैरसमज आहे.

दुसरी उणीव पाळणा लांबवण्यातली. बाळंतपणानंतर पुन्हा दिवस राहण्याआधी किमान दोन वर्षे जावीत, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. त्यासाठी तांबी, तीन महिन्यांनी घ्यायचे ‘अंतरा’ इंजेक्शन, ‘छाया’ गोळ्या सरकारी आरोग्य केंद्रांत मोफत मिळतात. मात्र ‘तांबी पोटात वर चढते’ किंवा ‘अंतराने पाळी थांबली, म्हणजे रक्त साठले’ या भीतीने सुना मागे सरतात. पाळी थांबणे हा त्या इंजेक्शनचा अपेक्षित परिणाम आहे. रक्त कुठेही साठत नाही.

सुनेला हे पटले तरी होकार बहुधा नवरा आणि सासूच देतात. म्हणून आशाताईंनी घरी गेल्यावर त्या दोघांनाही सोबत बसवावे.