दार कोणाचं?

 

इस्राएलात इमारतीच्या कमिटीला 'वाद बायित' म्हणतात. मराठी कानाला ऐकू येतो तो घरचा वाद! जर्मनीतही तोच प्रकार. वर्षातून एकदा सगळे फ्लॅटमालक जमतात, हिशेब मंजूर करतात आणि मग वाद घालतात.

आमच्या इमारतीचा जिना नव्याने रंगवला. खर्च बराच आला. त्यानंतरच्या सभेची जी नोटीस आली तिच्यात एक ठराव होता: यापुढे फ्लॅटच्या दाराबाहेर किंवा दारावर कोणीही कसलीही वस्तू ठेवू अथवा लावू नये. चपला, पायपुसणं, बाबागाडी, नाताळात दारावर टांगतात ते हिरव्या डहाळ्यांचं कडं, सगळं बंद. नोटीस वाचली आणि आमची नजर गेली ती चौकटीवरच्या मेझुझाकडे. येता-जाता त्याला हात लावून बोटं ओठांशी न्यायची, ही आमची रोजची सवय.

पहिल्यांदा तोंडातून निघालं ते हेच, की दार आमचं आहे, पैसे मोजून घेतलंय! पण मग कागद काढून बघितले आणि गप्प बसलो. इथला फ्लॅटच्या मालकीचा कायदा १९५१ सालचा. त्याप्रमाणे घराच्या आतलं आपलं, पण मुख्य भिंती, छप्पर, जिना हे सर्वांचं सामाईक. आणि २०१३ मध्ये कार्ल्सरूच्या केंद्रीय न्यायालयाने निकाल दिला की, फ्लॅटचं पुढचं दारसुद्धा सामाईकच, मग दस्तऐवजात काहीही लिहिलेलं असो. दार हे आतलं आणि बाहेरचं अलग करतं, म्हणून ते एकट्याचं नाही. आत राहायचं आपण, पण दार मात्र सगळ्यांचं!

असाच प्रसंग अमेरिकेत आपल्या लोकांवर येऊन गेला आहे. शिकागोच्या शोरलाइन टॉवर्स इमारतीत २००१ साली नियम झाला की दाराबाहेर कुठलीही वस्तू नको. मेझुझाला कोणी हात लावला नाही. मग २००४ मध्ये तिथलेही व्हरांडे रंगवले, आणि चौकटीवरचे मेझुझा काढायला सुरुवात झाली. कोर्टाच्या कागदांत नमूद आहे की एका घरी मयत झाली होती, दफन करून माणसं परत आली तर चौकट रिकामी. शोकाचे सात दिवसही थांबले नाहीत. २००५ मध्ये शिकागो शहराने कायदा बदलला, की चौकटीवर धर्माचं चिन्ह लावायला कोणी मनाई करू नये. कोर्टात ते कुटुंब २००८ मध्ये हरलं. पण २००९ मध्ये त्याच कोर्टाच्या सगळ्या न्यायाधीशांनी मिळून सांगितलं की, हा भेदभाव मुद्दाम केला का, याची रीतसर सुनावणी झालीच पाहिजे.

नियम सर्वांना सारखा होता. पण पायपुसणं आत घेतलं तर कोणाचं काही जात नाही. मेझुझा काढायचा म्हणजे तोरातली आज्ञा मोडायची.

आणि जर्मनीत दार म्हटलं की आम्हाला हाले शहर आठवतं. ९ ऑक्टोबर २०१९, योम किप्पूर, आपल्या आजी-आजोबांच्या बोलीत दार फाळणीचा सण. त्या दिवशी एका बंदूकधाऱ्याने तिथल्या सिनेगॉगचं दार फोडायचा प्रयत्न केला. आत पन्नासच्या वर माणसं प्रार्थनेत होती. दार टिकलं, माणसं वाचली. बाहेर मात्र दोघांचा जीव गेला. त्यानंतर एका ओळखीच्या घरी मेझुझा बाहेरून काढून आत लावला. आम्ही त्यांना दोष देत नाही. आम्ही मात्र तो बाहेरच ठेवला होता.

सभेला आम्ही गेलो. पहिल्यांदा मेझुझाचं नाही, जिन्याचं बोललो. उभा जन्म नर्सिंगमध्ये गेला, तेव्हा वाट मोकळी असणं म्हणजे काय ते आम्हाला ठाऊक आहे. आग लागली, स्ट्रेचर न्यायचं झालं, तर बाबागाडी नि चपलांचा ढीग जीव घेईल. खाली काही नको, हे अगदी मान्य. पण वरच्या मजल्यावरच्या आजी चाकांच्या वॉकरशिवाय पाऊल टाकू शकत नाहीत, त्यांनी तो कुठे ठेवायचा? मग मेझुझाचं सांगितलं. बोटाएवढी डबी, आत हाताने लिहिलेलं चर्मपत्र, चौकटीला दोन स्क्रू.

एक गृहस्थ म्हणाले, "आज तुमचं, उद्या आणखी कोणाचं, मग जिन्याचा बाजार होईल." समोरच्या बाई म्हणाल्या, "मग माझं नाताळचं कडंही गेलं की!" तास-दीड तास चाललं. शेवटी ठराव बदलला: जमीन मोकळी ठेवायची, वॉकरला खालच्या मजल्यावर कोपरा, आणि दारावर किंवा चौकटीवर एक लहान वस्तू, ज्याची त्याची. बाजाराची भीती घालणाऱ्या गृहस्थांनीही हात वर केला.

ठराव उलटा गेला असता तर कोर्टात जायला एकच महिना असतो, आणि शेजाऱ्यावर खटला घालून त्याच जिन्याने वर-खाली करणं काही सुखाचं नसतं. म्हणून सांगतो, तेल अवीव असो, ठाणं असो की फ्रँकफर्ट, फ्लॅट घेताना नियमांचा कागद वाचा आणि सभेला जा. कंटाळवाणी असते, तरी जा. न गेलेल्याच्या दाराचा निर्णय गेलेले करतात.

परवा समोरच्या बाईंचा नातू विचारत होता, त्या डबीत काय आहे? आम्ही त्याला उचलून धरलं, त्याने हात लावून बघितलं.

शालोम!