लपवलेली गोळी लागू पडत नाही

मागच्या महिन्यात माझ्या भाचीची मंगनी ठरत आली. स्थळ चांगलं, माणसं साधी, मुलगा कमावता. पाहुणे गेल्यावर भांडी आवरता आवरता माझी धाकटी बहीण जवळ सरकली आणि हळूच म्हणाली, "आपा, निकाह होईस्तोवर हिची थायरॉईडची गोळी बंद ठेवली तर चालेल का? त्या घरी कुणाला कळायला नको."

मी लगेच काही बोलले नाही. बारा वर्षांपूर्वी माझ्याच गोळ्यांच्या बाटलीवरचं लेबल मी नखाने खरवडून काढलं होतं, ते आठवलं.

तेव्हा माझ्या लग्नाला दोन वर्षं झाली होती. मे महिन्यात आमच्या पाचोडला रात्री अकरा वाजताही भिंती तापलेल्या असतात. घरातले सगळे गच्चीवर वारा शोधत असायचे आणि मी मात्र अंगावर चादर घेऊन झोपायचे. वजन वाढत होतं, केस कंगव्यात येत होते, पाळी आठ-आठ दिवस थांबत नव्हती. पिठाच्या डब्यापाशी गेले की कशाला आले होते तेच विसरायचे. घरात म्हणायचे, सून आळशी आहे. माहेरी म्हणायचे, नजर लागली. अम्मीने दम करून आणलेलं पाणी पाजलं. एका डॉक्टरांनी टॉनिक दिलं, दुसऱ्यांनी "टेन्शन घेऊ नका" असं सांगितलं. तपासणी करावी असं दीड वर्ष कुणाच्याच मनात आलं नाही. शेवटी शहरात रक्त तपासलं. टीएसएच साधारण 4 च्या आत असायला हवा, माझा 38 निघाला.

गोळी सुरू झाली. मला वाटलं, आता सुटले. पण पुढचं वर्षभर मी तशीच थकलेली होते. डोस 50 चा 75 झाला, 75 चा 100 झाला, तरी टीएसएच उतरेना. डॉक्टर बदलले, कंपनी बदलली. व्हॉट्सअपवर कुणीतरी "थायरॉईड मुळापासून बरा" करणारा काढा सुचवला, तोही दोन महिने प्याले. शेवटी एका डॉक्टरीणबाईंनी प्रिस्क्रिप्शन बाजूला ठेवून विचारलं, "गोळी कधी घेता, कशाबरोबर घेता, ते सांगा."

मी खरं सांगितलं. गोळी मी लपवून घेत होते. सकाळी सगळ्यांसमोर बाटली काढता येत नव्हती, म्हणून चहाच्या घोटाबरोबर पटकन गिळायची. आशाताईंनी दिलेली रक्तवाढीची लोहाची गोळीही त्याच वेळी घ्यायची, कारण ती घरच्यांना माहीत होती आणि तिच्या आडून ही घेता यायची. पाहुणे असले की दोन-दोन दिवस राहून जायची. त्या एवढंच म्हणाल्या, "औषध बदलू नका, सकाळ बदला."

माझं म्हणणंही एवढंच आहे. थायरॉईडचा योग्य उपचार म्हणजे नुसती योग्य गोळी नाही. गोळी, तिची वेळ आणि ठरलेल्या काळाने होणारी तपासणी, असे ते तीन पाय आहेत. हे तिन्ही चोरून सांभाळता येत नाहीत. लपवलेली गोळी पोटात जाते, पण लागू पडत नाही.

हे कसं, ते सांगते. गळ्याच्या पुढच्या भागात फुलपाखराच्या आकाराची एक ग्रंथी असते. शरीराचा जाळ किती मोठा ठेवायचा, हे तिच्या संप्रेरकावर ठरतं. ती मंदावली की मेंदूजवळची पिट्युटरी ग्रंथी टीएसएच वाढवून तिला हाका मारत राहते. म्हणून टीएसएच जास्त म्हणजे थायरॉईड कमी. लेव्होथायरॉक्सिनची गोळी तेच कमी पडलेलं संप्रेरक भरून काढते. मात्र ती मायक्रोग्रॅममध्ये मोजली जाते आणि फार नाजूक असते. रिकाम्या पोटी, साध्या पाण्याबरोबर घ्यायची, त्यानंतर किमान अर्धा तास, जमलं तर तासभर, चहासुद्धा नाही. लोह आणि कॅल्शियम तिला पोटातच धरून ठेवतात, म्हणून त्या गोळ्यांमध्ये आणि हिच्यामध्ये चार तासांचं अंतर हवं. डोस बदलला की सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासायचं, त्याआधी निकाल कळत नाही. केस गळतात म्हणून बायोटिनच्या गोळ्या घेत असाल, तर तपासणीआधी तेही डॉक्टरांना सांगा, कारण त्यांनी रिपोर्ट चुकीचा येऊ शकतो.

आता सांगा, ज्या सुनेला पहाटे उठल्याबरोबर सगळ्यांचा चहा करायचा आहे आणि गोळीचं नावही काढायचं नाही, तिने हा तासभर कुठून आणायचा?

बहिणीच्या प्रश्नात आणखी एक फसगत होती. हे औषध शरीरात हळूहळू उतरतं. त्याचा अर्धा भाग संपायला जवळजवळ आठवडा लागतो. त्यामुळे गोळी बंद केली तर दुसऱ्या दिवशी काहीच होत नाही, आठवड्यानेही फारसं जाणवत नाही. "बघ, गोळीवाचून चाललं की!" असं वाटतं. महिना-दीड महिन्याने थकवा परत येतो, तेव्हा नवरी नव्या घरात असते आणि तिथेही तिला आळशीच म्हणतात.

आणि आपल्याकडे लग्नानंतर पहिल्या वर्षातच पाळणा हलावा अशी घाई असते. पोटातल्या बाळाची स्वतःची थायरॉईड ग्रंथी पहिले तीन महिने तरी कामाला लागलेली नसते. तोवर त्याच्या मेंदूची वाढ आईच्या संप्रेरकावर चालते. दिवस गेल्यावर बहुतेक बायकांचा डोस साधारण पाव ते निम्म्याने वाढवावा लागतो, तोही कळल्याबरोबर. उपचार नसेल तर गर्भपाताचा धोका वाढतो. ज्या मुलीने गोळी लपवली आहे, ती त्या नाजूक आठवड्यांत कुणाला सांगून दवाखान्यात जाणार?

पाचोडला आरोग्याची भाषा नवी नाही. डॉ. अशोक दयालचंद यांच्या नेतृत्वाखाली वाढलेली इन्स्टिट्यूट ऑफ हेल्थ मॅनेजमेंट, पाचोड ही संस्था कित्येक वर्षं याच गावातून माता, किशोरवयीन मुली आणि कमी वयात लग्न झालेल्या मुलींच्या आरोग्यावर काम करते आहे. अशा कामांमुळे मुलीचं रक्त किती आहे, हे विचारायला आता मोसंबीच्या बागेत कामाला जाणारी बाईही लाजत नाही. रक्तक्षयाची लाज गेली, तशी थायरॉईडची का जाऊ नये? 2013 साली प्रसिद्ध झालेल्या आठ शहरांच्या पाहणीत सुमारे 11 टक्के प्रौढांमध्ये थायरॉईडची कमतरता आढळली होती, आणि पुरुषांपेक्षा बायकांमध्ये ती कितीतरी जास्त होती. त्यात मुंबई होती, गोवा होतं, पण पाचोडसारखं गाव नव्हतं. आपल्या बायकांचा थकवा अजून कुणी नीट मोजलेलाच नाही. तो त्यांचा स्वभाव समजला जातो.

आपल्या समाजात दोन प्रश्न हमखास येतात. पहिला रमजानचा. रोजा असताना दिवसा गोळी गिळता येत नाही आणि सहरीच्या ताटावर ती घेऊन उपयोग नाही. पण वेळ सरकवता येते. सहरीच्या तासभर आधी उठून घ्यावी, किंवा रात्री शेवटच्या खाण्यानंतर तीनेक तासांनी झोपताना घ्यावी. कुठली वेळ, ते रमजानच्या आधीच डॉक्टरांशी ठरवावं. मी झोपतानाची निवडली. बहुतेकींना रोजा सोडायची गरज पडत नाही. आणि ज्या आजारीला खरंच झेपत नाही, तिला नंतर रोजे पुरे करण्याची सवलत दीननेच दिली आहे. गोळी सोडून रोजा धरण्याचा हट्ट कुणी सांगितलेला नाही.

दुसरा प्रश्न हळू आवाजात येतो, गोळी हलाल आहे का? परदेशात "नैसर्गिक" म्हणून विकली जाणारी एक जुनी गोळी डुकराच्या वाळवलेल्या ग्रंथीपासून बनते, त्यावरून ही शंका पसरली असावी. पण आपल्याकडे डॉक्टर लिहून देतात ते लेव्होथायरॉक्सिन कारखान्यात रसायनांपासून तयार होतं. या औषधाची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. 1891 साली इंग्लंडमध्ये जॉर्ज मरे या तरुण डॉक्टरने मेंढीच्या ग्रंथीचा अर्क एका सुजलेल्या, खंगलेल्या बाईला टोचला. ती त्यानंतर 28 वर्षं जगली. त्याआधी या आजाराला उपचारच नव्हता. आज तो औषधाच्या दुकानात मिळतो आणि एका दिवसाची गोळी एका कप चहापेक्षा स्वस्त पडते. एवढं हाताशी असताना ते लाजेपायी फेकून द्यायचं?

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. टीएसएच जरासा वर दिसला म्हणून प्रत्येकीला गोळी लागतेच असं नाही. डॉक्टर कधी कधी थांबून पुन्हा तपासायला सांगतात, तेही उपचारच आहे. वजन उतरावं म्हणून मनाने डोस वाढवणं तर धोक्याचं. जास्त झालेली गोळी काळीज धडधडवते आणि हाडं ठिसूळ करते. आयोडीनचं मीठ घरात हवंच, त्याने देशातली गलगंडाची मोठी पीडा कमी झाली. पण आज आपल्याकडे दिसणारा बराचसा आजार शरीराने स्वतःच्याच ग्रंथीवर केलेल्या हल्ल्यातून येतो. तो मीठ वाढवून बरा होत नाही.

राहिली स्थळाची भीती. ती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. "मुलीला थायरॉईड आहे" एवढ्यावर परत गेलेले पाहुणे मी पाहिले आहेत. मुलाला चष्मा असला, त्याच्या वालिदना शुगर असली, तर कुणी उठून जात नाही. मुलीच्या एका गोळीवर मात्र ती "आजारी" ठरते. हा अन्याय मुलीच्या आईने एकटीने निस्तरायचा नाही. मुलांच्या आयांनी, म्हणजे उद्याच्या सासवांनी, तो थांबवायचा आहे. मलाही दोन मुलगे आहेत, म्हणून हे मी स्वतःलाच आधी सांगते. मुलगी बघायला जाल तेव्हा ती कुठली गोळी घेते, हे विचारण्यापेक्षा ती गोळी आपल्या घरात तिला शांतपणे घेता येईल का, हे स्वतःला विचारा.

बहिणीला मी सांगितलं, गोळी एक दिवसही बंद करायची नाही. पुढच्या जुम्म्याला आम्ही दोघी त्या घरी गेलो. चहा व्हायच्या आधीच मी सांगून टाकलं, मुलीला हा आजार आहे, गोळी रोज आहे, बहुधा आयुष्यभर आहे, आणि गोळी नीट चालू राहिली तर ती संसार, नोकरी, बाळंतपण सगळं करू शकते. मुलाची आई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "घरात विचारून कळवतो."

त्यांचा निरोप अजून आलेला नाही. बहीण माझ्यावर रुसली आहे, आणि तिचा राग मला समजतो. भाची मात्र रोज सकाळी सहाला उठते, सगळ्यांसमोर गोळी घेते आणि चहा सातला पिते.