तार येण्यापूर्वीचे पाप

इंटरनेट आले आणि मुलांवरचे अत्याचार आले, असे म्हणणाऱ्यांनी मडगाव आठवावे. अनाथ मुलांचा आश्रयदाता म्हणून मिरवणारा फ्रेडी पीट्स तेथे १९९१ मध्ये पकडला गेला. त्याच्यापाशी छायाचित्रे सापडली, ती दोन हजारांहून अधिक! आपल्याकडे सामान्यांना इंटरनेट मिळाले ते १९९५ च्या ऑगस्टमध्ये. इंटरनेटने पाप जन्माला घातले नाही. त्याला वेग दिला, गिऱ्हाईक दिले आणि एकदा पसरलेले चित्र परत घेण्याची वाट बुजवली. हा अपराध लहान नव्हे. अशी चित्रे पुढे न पाठविता नुसती बाळगणेही गुन्हा ठरू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये बजावले, ते योग्यच. पण मुलाच्या हातचा मोबाईल काढून घेऊन निर्धास्त झालेल्या किती आईबापांनी त्याला विचारले आहे, शिकवणी संपल्यावर सर तुला एकट्यालाच का थांबवून घेतात?