फॉरमॅट ही ब्राह्मणी भानगड म्हणून सोडून देऊ नका!

मराठवाड्यातल्या आमच्या एका संशोधक भगिनीचा पेपर तिसऱ्या दिवशी परत आला. विषय गायरान जमिनींचा. दोन वर्षं ती तलाठी कार्यालयाच्या पायऱ्या झिजवत होती. सातबारे जमवले, गावोगाव फिरून मुलाखती घेतल्या. १९६४ च्या भूमिहीनांच्या सत्याग्रहात तुरुंगात गेलेले दोन आजोबा तिने शोधून काढले. संपादकांचं पत्र मात्र चार ओळींचं. शब्दमर्यादा ओलांडली आहे, संदर्भ आमच्या शैलीत नाहीत, मुख्य फाइलमध्ये लेखिकेचं नाव आहे, मराठी अवतरणं वाचता येत नाहीत. गायरानाबद्दल एक शब्द नाही, कारण गायरानापर्यंत कुणी पोहोचलंच नाही.

आमच्यात लगेच दोन मतं पडली. एक म्हणालं, आडनाव बघितलं आणि फेकला. दुसरं म्हणालं, जाऊ दे, दोन हजार भर, आठवड्यात दुसरीकडे छापून येईल. आम्हाला ही दोन्ही मतं घातक वाटतात आणि दोन्ही आपल्याच लोकांची आहेत म्हणून जास्त घातक वाटतात.

पहिलं मत आधी घेऊ. विद्यापीठात जात नाही असं आम्ही म्हणणार नाही. ज्याला ती भोगावी लागली त्याला ते सांगण्याची गरजही नाही. पण या प्रकरणात जात कुठे बसली आहे ते नीट बघा. ज्याच्या घरात आई प्राध्यापक आणि मामा संपादक, त्याला पेपर कसा लिहायचा हे जेवणाच्या ताटावर कळतं. आपली मुलगी घराण्यातली पहिली पीएच.डी. करणारी. तिचा गाइड सही करतो, पण ॲबस्ट्रॅक्ट कसा लिहायचा हे पाच वर्षांत एकदाही समोर बसवून सांगत नाही. जात त्या न सांगण्यात आहे. म्हणजे आपल्याला नाकारलं गेलं ते ज्ञान होतं, आणि नाकारलेलं ज्ञान 'आम्हाला नकोच' म्हणून झिडकारण्याची परंपरा आपली नाही. पाण्याला नकार मिळाला तेव्हा आपण तळ्यावर गेलो.

'बाबासाहेबांनी कुठे फॉरमॅट पाळला?' असं एका कार्यकर्त्याने आम्हाला भर सभेत विचारलं. पाळला, आणि कसा पाळला ते वाचा. ९ मे १९१६, कोलंबिया विद्यापीठ, गोल्डनवायझर यांचं मानववंशशास्त्राचं चर्चासत्र. पंचवीस वर्षांचा विद्यार्थी भारतातल्या जातींवर निबंध वाचतो. सुरुवातीला काय करतो? सेनार, नेसफील्ड, रिस्ले आणि आपले केतकर या चौघांच्या जातीच्या व्याख्या समोर ठेवतो, एकेकीत काय कमी आहे ते दाखवतो आणि मग स्वतःचं म्हणणं मांडतो. ज्याला आज 'लिटरेचर रिव्ह्यू' म्हणून आपली मुलं घाबरतात, ते हेच. पुढच्या वर्षी, १९१७ मध्ये, तो निबंध 'इंडियन अँटिक्वेरी'त छापून आला. १९१८ मध्ये लहान शेतजमिनींवरचा लेख अर्थशास्त्राच्या जर्नलमध्ये आला. आणि रुपयाच्या प्रश्नावरचा लंडनचा प्रबंध? परीक्षकांनी तो पुन्हा लिहायला लावला. बाबासाहेबांनी मांडणी बदलली, निष्कर्ष बदलले नाहीत. १९२३ मध्ये त्याचं पुस्तक झालं तेव्हा प्रस्तावना प्रा. कॅनन यांनी लिहिली आणि तीत आपले मतभेद नोंदवले. आपल्याशी सहमत नसलेला माणूस आपल्या पुस्तकाला प्रस्तावना लिहितो, ही ताकद नुसत्या संतापातून येत नाही.

तर मित्रांनो, कामाचं बोलू. जर्नल आधी निवडा, मग लिहा. आपण उलटं करतो. प्रबंधाचं एक प्रकरण कापतो आणि मिळेल तिथे पाठवतो. त्या जर्नलचे गेल्या दोन वर्षांतले चार-पाच लेख वाचा, त्यांची लेखकांसाठीची नियमावली कागदावर छापून समोर ठेवा. शब्दमर्यादेत टीपा आणि संदर्भ धरले आहेत का, तेही बघा. मराठी युनिकोडमध्येच टाइप करा. जुन्या फॉन्टमधलं मराठी दुसऱ्याच्या संगणकावर ठोकळे होऊन उघडतं. त्या भगिनीच्या आजोबांची साक्ष अशीच मेली. संदर्भांसाठी झोटेरो वापरा, ते फुकट आहे. एपीए असो की शिकागो, शैली एका बटणावर बदलते. रात्र-रात्र जागून स्वल्पविराम आणि कंस लावत बसण्यात काही क्रांती नाही.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे नाव. चांगली जर्नल्स पेपर परीक्षकाकडे नाव झाकून पाठवतात. आपल्या देशात आडनाव सांगितलं की पुढचं सगळं ओळखलं जातं. इथे पहिल्यांदा कुणीतरी आडनाव न विचारता तुमचं म्हणणं वाचणार आहे. आणि आपणच ते पहिल्या पानावर ठळक अक्षरात टाकतो! नाव, विद्यापीठ, फेलोशिप, आभार हे सगळं वेगळ्या पानावर. 'माझ्या आधीच्या लेखात मी दाखवल्याप्रमाणे' हे वाक्य काढा. वर्डच्या फाइलमध्ये 'इन्स्पेक्ट डॉक्युमेंट' करून लपलेलं नावही पुसा. या झाकपाकीतूनही जाणकार परीक्षक विषयावरून अंदाज बांधतो, हे आम्हाला माहीत आहे. तरी मिळतो तेवढा पडदा का सोडायचा?

आणि एक कडू गोष्ट. आपल्या पेपरांत 'बाबासाहेब म्हणाले' असतं, पण खंड नसतो, पान नसतं. महाराष्ट्र शासन १९७९ पासून समग्र वाङ्मयाचे खंड छापतं आहे. खंड उघडा, पान लिहा. व्हॉट्सॲपवर फिरणारी निम्मी वाक्यं तिथे सापडत नाहीत, तेव्हा लाज कुणाची जाते?

आता ते दोन हजार रुपये. २००९ च्या नियमांनी पीएच.डी.साठी पेपर छापणं सक्तीचं झालं, प्राध्यापकांची बढती गुणांवर मोजली जाऊ लागली आणि पैसे घेऊन काहीही छापणाऱ्यांचा बाजार फोफावला. मे २०१८ मध्ये यूजीसीने आपल्याच मान्य यादीतून ४,३०५ जर्नल्स काढली. मग 'केअर' यादी आली, ती २०२५ मध्ये गुंडाळली. पीएच.डी.साठीची सक्ती तर २०२२ च्या नियमांतच गेली आहे. तरीही 'सात दिवसांत प्रकाशन, सर्टिफिकेटसह' हे मेसेज येतात आणि फेलोशिपची रखडलेली रक्कम हातात पडताच आपला मुलगा त्यातून ही दक्षिणा भरतो. हो, दक्षिणाच. मंत्र न समजता पैसे देऊन पुण्य विकत घेणं आणि न वाचता छापणाऱ्याला पैसे देऊन पेपर विकत घेणं, यात फरक काय? उद्या मुलाखतीच्या टेबलावर तोच पेपर दाखवून तुम्हाला हसतील. शिवाय छापलेली सामग्री दुसरं चांगलं जर्नल घेणार नाही. दोन वर्षांची मेहनत एका पावतीत बुडते.

फॉरमॅट पाळा म्हणजे मान तुकवा, असं मात्र कुणी ऐकू नये. परीक्षक म्हणेल तक्ता वेगळा करा, करा. म्हणेल पद्धतीबद्दल दोन परिच्छेद वाढवा, वाढवा. पण 'ब्राह्मणी' शब्द काढा, जातीऐवजी 'सामाजिक घटक' लिहा, अत्याचार म्हणू नका तणाव म्हणा, असं आलं तर प्रत्येक मुद्द्याला पुराव्यासह लेखी उत्तर द्या आणि शब्द तसाच ठेवा. १९३६ मध्ये लाहोरच्या जातपात तोडक मंडळाला भाषणातला मजकूर बदलून हवा होता. बाबासाहेबांनी स्वल्पविरामही बदलायला नकार दिला, अध्यक्षपद सोडलं आणि भाषण स्वतःच्या खर्चाने छापलं. रुपयाच्या प्रबंधाची मांडणी बदलणारा आणि इथे हटून बसणारा माणूस एकच आहे. कुठला बदल मांडणीचा आणि कुठला आशयाचा, हे त्यांना पक्कं कळत होतं.

त्या भगिनीचा पेपर आम्ही तीन रविवार बसून दुरुस्त केला. अडीच हजार शब्द गेले, आजोबा राहिले. त्यांना टोपणनाव नको होतं, 'माझंच नाव लिही' म्हणाले. लेखी संमती घेऊन ते लिहिलं. पेपर आता परीक्षकांकडे आहे. उत्तर यायचं आहे. पुढच्या रविवारी सकाळी दहाला पुन्हा विहारात बसतोय. ज्यांचे पेपर परत आले आहेत त्यांनी संपादकांचं पत्र घेऊन या. लॅपटॉप नसला तरी या, आमच्याकडे दोन आहेत.

जय भीम!