बोर्डाच्या कोपऱ्यातले नाव

मुलाचे अक्षर चांगले असले की आपल्याकडे त्याच्या वाट्याला दोन कामे येतात. शाळेत फळ्यावर सुविचार लिहायचा आणि वस्तीत जयंतीच्या वर्गणीची यादी करायची. दहावी झाली की घरातली मंडळी म्हणतात, आता पुरे तो रंगांचा पसारा, पोटाचे बघ. अशा आई-वडिलांना आम्ही दोष देणार नाही. महिनाअखेरीस ज्यांना किराण्याचा हिशेब जुळवावा लागतो, त्यांनी पोटाचा विचार करू नये तर कोणी करावा? परंतु अक्षर हा रिकाम्या वेळचा छंद आहे, ही समजूत मात्र आम्हाला मान्य नाही.

विंडोजच्या संगणकावर मराठी मजकूर उघडला की वर्षानुवर्षे जे अक्षर दिसत आले, त्याचे नाव ‘मंगल’. हे अक्षर आकाशातून पडले नाही. कोल्हापूर जिल्ह्यात १९३६ साली जन्मलेल्या रघुनाथ कृष्ण जोशी यांनी ते घडविले. मुंबईच्या जे. जे. मध्ये ते शिकले, जाहिरात कंपनीत त्यांनी बरीच वर्षे नोकरी केली आणि १९८३ पासून पवईच्या आय. आय. टी. त विद्यार्थ्यांना अक्षरकला शिकविली. २००८ साली ते गेले. त्यांचे अक्षर लाखो लोकांनी वापरले, पण नाव किती जणांना ठाऊक आहे? कमल शेडगे यांचेही तसेच. मराठी नाटकांच्या जाहिरातीतली त्यांची शीर्षके पाहून लोक नाटकाची जात ओळखत. विनोदी नाटकाचे अक्षर वेगळे, ऐतिहासिक नाटकाचे वेगळे. २०२० साली ते वारले, तोवर दोन पिढ्यांनी त्यांची अक्षरे कात्रणे कापून जपली होती.

आता आजचे पाहा. मुंबईत ‘एक टाईप’ नावाचा अक्षरकारांचा गट आहे. त्यांनी ‘मोदक’ नावाचे एक अक्षर काढले आहे. ते इतके गुबगुबीत, की अक्षराच्या पोटातली पांढरी जागा जवळजवळ संपली आहे, केसाएवढी रेघ तेवढी उरली आहे. तरीही ‘क’ हा ‘क’च वाचता येतो! आम्ही ते पहिल्यांदा पाहिले तेव्हा हसूच आले. मग लक्षात आले की डोळा काळी शाई जितकी वाचतो, तितकीच मधली पांढरी जागाही वाचतो. ती जागा किती कमी करता येईल, हे आजमावायला धाडस लागते आणि मोजमापही लागते.

त्याच गटाचे ‘बलू’ हे दुसरे अक्षर आपल्या देशातल्या अनेक लिप्यांत आहे. गंमत अशी की गुजरातीत त्याचे नाव ‘बलू भाई’, बंगालीत ‘बलू दा’, गुरुमुखीत ‘बलू पाजी’ आणि तमिळमध्ये ‘बलू थंबी’. जणू एका चाळीतली बिऱ्हाडे! देवनागरीला शिरोरेषा आहे, गुजरातीला नाही, तमिळची वळणे आणखी निराळी. सगळ्यांना एकाच साच्यात कोंबले असते तर ती बेंगरूळ दिसली असती. नाते दिसावे, पण प्रत्येकाचा चेहरा त्याचाच राहावा, ही खरी कारागिरी. ‘मोदक’, ‘बलू’ आणि वाचायला सोपे असलेले ‘मुक्ता’ ही तिन्ही अक्षरे फुकट वापरायला खुली आहेत. एका पैशाचाही खर्च नाही.

पण आम्हाला सर्वांत जास्त भावले ते हनीफ कुरेशी यांचे काम. फ्लेक्सचे छापखाने गल्लोगल्ली आले आणि ब्रशने बोर्ड रंगविणारे पेंटर बेकार होऊ लागले. कोणी घरे रंगवू लागला, कोणी रिक्षा चालवू लागला. बडोद्यात कला शिकलेल्या या तरुणाने अशा पेंटरांना गाठले, त्यांच्याकडून अक्षरे रंगवून घेतली आणि संगणकावर उतरवली. त्या अक्षरसंचाला नाव दिले ते पेंटरचेच. ‘पेंटर कफील’, ‘पेंटर उमेश’. विक्रीच्या पैशातला वाटाही त्या पेंटरला. कुरेशी २०२४ साली अकालीच गेले. मोठ्या शाळेत शिकलेल्याने रस्त्यावरच्या कारागिराची कला उचलावी आणि नाव स्वतःचे लावावे, असे आपण पुष्कळ पाहिले आहे. येथे तसे झाले नाही, म्हणून हे नाव आम्ही मुद्दाम लिहितो.

घरात असा हात असलेला मुलगा किंवा मुलगी असेल (मुलीच्या हाताकडे आपण जरा कमीच लक्ष देतो), तर सुरुवातीला महागडे सामान नको. दोन पेन्सिली रबराने एकत्र बांधा, टोके तिरपी धरा आणि ‘अ’ काढू द्या. जाड-बारीक कुठे येते, ते आपोआप दिसेल. पुढे निब घ्यायचा झाला तर दुकानदाराकडे मराठी कापाचाच मागा. इंग्रजी निबचा काप उलट बाजूला असतो, त्याने देवनागरी लिहिली की जाडी भलतीकडेच येते. चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षांना बसवा. नंतर उपयोजित कला आहे, जे. जे. आहे, त्याची चौकशी शाळेतल्या चित्रकलेच्या गुरुजींकडे करता येईल.

आणि तोवर रविवारी मुलांना घेऊन बाजारात एक फेरी मारा. पिठाची गिरणी, सायकलचे दुकान, सलून, जुन्या ट्रकची मागची बाजू, जिथे ब्रशचे अक्षर अजून टिकले आहे तिथे थांबा. बोर्डाच्या खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत पेंटरचे नाव असते. ते वहीत उतरवून घ्या, आणि तो पेंटर हयात असेल तर पत्ता विचारा.